ओरडायचं कुणावर?

"फुकटचं सॉफ्टवेअर बिघडलं की तू ओरडतेस कुणावर?"

हा प्रश्न आईला विचारून दाखव, अशी पैज मनाली आणि प्रियंका या मैत्रिणींनी शाळेत गंधालीशी लावली होती. लावताना दोघी पोट धरून हसत होत्या.

तिची आई जयंती नुकतीच घाटकोपरच्या दवाखान्यातून मुलुंडला घरी पोचली होती. चपला काढायचंही त्राण नव्हतं. आवाज पार बसला होता.

"तुझ्यावर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाणी दे आधी."

गंधालीने पाणी दिलं.

जयंती दवाखान्यात रिसेप्शनला होती. पेशंटचं नाव टाकलं की तिथला कॉम्प्युटर ते मराठीत मोठ्याने पुकारायचा. सॉफ्टवेअर ओपन सोर्स. म्हणजे फुकट, आणि आतला कोड सगळ्यांना उघडा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी डॉक्टरांना निनावी मेल करून ते सुचवलं, तेव्हापासून जयंतीचा घसा वाचला होता. आज सकाळी ते मुकं झालं. दिवसभर तिने एकेक नाव ओरडून पुकारलं.

"बनवणाऱ्याला कळव ना," गंधाली म्हणाली.

"कळवलं. चांगलं झापलंय मेल्याला. पण त्याने साइटवर सूचनाच लावून ठेवलीय. 'आता झेपत नाही. महिनाअखेरीस बंद.' झालं!"

ओट्याशी जयंतीचा नवरा नंदकुमार कांदा चिरत होता. "अगं, फुकट राबतो बिचारा. आमच्या ऑफिसात बघ. कंपनीला दरवर्षी पैसे देतात. फोन केला की गोड बोलतात. दुरुस्त होतं का? नाव नको."

"निदान फोन तरी उचलतात!"

"आणि याचा कोड उघडा आहे ना? हा नाही तर दुसरा कुणीतरी चालवेल."

"कोण, तू? मालाडच्या दवाखान्यातल्या एका बाईने तेवढे नावांचे उच्चार सुधारून दिले म्हणे. बाकी सगळे माझ्यासारखे. वापरायचं आणि शिव्या घालायच्या."

गंधालीने रिकामा ग्लास उचलला.

जयंतीने सोफ्यावर मान टाकली. "डॉक्टर म्हणाले, हे बंद पडलं तर कंपनीचं मशीन आणू. पेशंटच बटण दाबणार, नंबर घेणार. मग काउंटरला एकच बाई पुरे. आणि दुसरी, वनमाला, माझ्यापेक्षा जुनी आहे."

सुरी थांबली.

"म्हणजे तुला काढणार?" गंधालीने विचारलं.

"मग काय, ओवाळणार मला?"

मग गंधालीने लॅपटॉप मांडीवर ओढला.

"परत ते डबडं?" जयंती वैतागली. "दहावी आहे ना गं तुझी? डोळे बघ कसे झालेत. आणि गणिताचे मार्क! सांग रे नंदू हिला काहीतरी. माझ्यात आता ताकद नाही."

"गंधू, बंद कर," नंदकुमार म्हणाला. "आई दमलीय."

"मी पण दमलेय, बाबा."

"तू? कशाने?"

गंधालीने डोळे चोळले.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "मार्कांवरून काय ओरडायचं ते ओरडा, पण मी लावलेली ती बंदची सूचना मी आत्ता काढून टाकतेय."