पाटीवरचे डोळे

लोर्नाने व्हरांड्याचं दार उघडलं. उंबऱ्याशी टेकवलेला नवऱ्याचा चेहरा तिच्याकडे हसून बघत होता. बघत होता म्हणायचं इतकंच. डोळ्यांच्या जागी दोन गोल भोकं होती.

जुन्या निवडणुकीतली निळी प्लास्टिकची पाटी. ‘क्लाइव टॉलिस, आपला माणूस.’ अशा पाट्या त्याच्या मतदारसंघात, वारिंगात, घरोघरी पडून होत्या. कुणी त्यांचा टोमॅटोच्या वाफ्याला आडोसा केला होता, कुणी आणखी काही. लोर्नाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला तर त्यांच्याच भिंती होत्या.

“क्लाइव!” तिने आत वळून हाक मारली.

ही चौथी पाटी. पहिल्या तीन उन्हाळ्यात आल्या होत्या. क्लाइवचं राज्याचं प्रीमियरपद, म्हणजे मुख्यमंत्रिपद, त्याच्या आदल्या वर्षीच गेलं होतं, पण आमदारकी सोडायला तो तयार नव्हता. हृदयात स्टेंट बसवले आणि पंधरवड्यात त्याच्या मेलबर्नच्या खेपा पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टर सांगून थकले, लोर्ना रडून थकली. तिसरी पाटी आली तेव्हा मात्र त्याने राजीनामा दिला. “माझ्यापायी तुला धोका नको,” एवढंच म्हणाला. त्या रिकाम्या जागेची आज पोटनिवडणूक होती.

सार्जंट ट्रान आली. उन्हाळ्यातल्या चौकशीपासून ती घरातल्यासारखीच झाली होती. हातमोजे चढवून तिने पाटी उलटसुलट करून पाहिली.

“तोच माणूस. भोकं तंतोतंत तशीच.”

“शक्यच नाही,” लोर्ना म्हणाली.

ट्रानने मान वर केली. “का बरं?”

“म्हणजे... यांनी राजीनामा दिला की! आता आणखी काय हवंय त्याला?”

“तेच मला कळत नाहीये. हवं ते मिळालं की असे लोक गप्प होतात. हाही झाला होता. मग परत का आला?”

लोर्नाने हात एप्रनमध्ये गुंडाळून घेतले.

क्लाइव चहा ढवळत होता.

“आज घरीच थांबलात तर बरं,” ट्रान त्याला म्हणाली.

“ज्यांच्या दारात आयुष्यभर मतं मागितली, त्यांच्यापासून आज तोंड लपवू? आणि शाळेत लोक हिच्या स्कोनची वाट बघत असतील. हो ना गं?”

मतदानाच्या दिवशी शाळेच्या मदतीसाठी खाऊचं टेबल लागायचं आणि त्यावर लोर्नाचे स्कोन, छोटे गोल गोडसर पाव, असायचेच. तिने पीठ मळलं, लाटलं, आणि खण उघडला. कापायचा गोल साचा जागेवर नव्हता. आईच्या वेळचा तो पत्र्याचा साचा, कड अजून पात्यासारखी. तिने सगळे खण उपसले. राजीनामा दिल्यापासून घरातली भांडी क्लाइव घासत होता, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि कुठली वस्तू कुठे ठेवेल याचा नेम नव्हता. शेवटी तिने सुरीच चालवली.

शाळेच्या फाटकापाशी सॉसेज आणि परतलेल्या कांद्याचा वास दरवळत होता. सगळ्या पक्षांचे लोक येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पत्रकं कोंबत होते.

“ए क्लाइव!” रांगेतून एकजण ओरडला. “तुझ्यापायी आमचा फुटबॉलचा शनिवार गेला की रे!”

“मत टाक आणि पळ. नाहीतर मत न दिल्याचा दंड बसेल.”

“पावती तुझ्या नावाने फाडायला सांगतो!”

सगळे हसले. लोर्नाला हसू येईना. यातलाच कुणीतरी पहाटे आपल्या व्हरांड्यात उभा होता. कोण? पक्षाचे कागद वाटणारी ती मुलगी? चिमट्याने सॉसेज उलटणारे मुख्याध्यापक?

रांगेच्या टोकाला कातडी टोपीतला एक उंच माणूस उभा होता. तो क्लाइवकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिने नजर वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा तो रांग सोडून सरळ टेबलाकडे येत होता, एक हात कोटाच्या खिशात. ट्रान कुठे होती?

त्याने खिशातून सुटी नाणी काढली. “बाई, यंदा स्कोन चौकोनी कसे?”

“साचा... साचा सापडला नाही.”

“सापडेल हो. घरातली वस्तू जातेय कुठे?”

क्लाइवने मागून येऊन एक स्कोन तोंडात टाकला. “चौकोनीही गोडच लागतात,” तो म्हणाला, आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “थरथरतेयस तू. थंडी वाजतेय?”

मतं देऊन ती दोघं दुपारीच घरी आली. ट्रानची गाडी फाटकाबाहेर उभी राहिली. क्लाइवने बाह्या सरसावल्या आणि सकाळची भांडी घासायला घेतली. लोर्ना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. तिने अंगातला कोटही काढला नव्हता.

“आपण इथून जाऊया,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीकडे, पर्थला. आजच निघू.”

“कुणाला भितेस एवढी?”

“ती पाटी ज्याने ठेवली त्याला. तुम्हाला कशी भीती वाटत नाही?”

“उन्हाळ्यात वाटायची. रात्र रात्र झोप नव्हती. तुझं काही बरंवाईट झालं तर, याच विचाराने सगळं सोडलं मी.”

त्याने नळ बंद केला. हातातली वस्तू फडक्याने सावकाश पुसली, उजेडात धरून पाहिली, आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवली. पत्र्याचा गोल साचा.

“सांध्यात निळं प्लास्टिक अडकलं होतं,” तो म्हणाला. “थोडं माझ्या आजच्या पाटीचं. बाकीचं तुझ्या तीन पाट्यांचं.”