नवव्या क्रमांकाची हाक

कॉलेजचं एक सत्र आम्ही युटाच्या वाळवंटात काढलं, त्याला आता साठ वर्षं झाली. गाडी निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपला क्रमांक ओरडायचा, अशी आमची रीत होती. माझा नऊ.

त्या दुपारी पाय मुरगळून मी घळीतच अडकले. जवळचं पाणी संपलं होतं. वर गाडीपाशी मोजणी सुरू झाली.

“आठ, आणि भुकेला!” वेंडेल ओरडला. सगळे हसले.

मी तोंड उघडण्याआधीच वर कुणीतरी माझ्या आवाजात म्हणालं, “नऊ!”

माझी तंबूतली सोबतीण डोरीन कड्याशी आली. तिने मला नीट पाहिलं.

“डोरीन, मी नेल! इथे खाली आहे गं!”

“कोण आहे गं?” तिच्या मागून माझ्याच आवाजाने विचारलं.

“कुणी नाही, नेल,” माझ्याकडे बघतच डोरीन म्हणाली. “तू बस गाडीत.”