लाल रेघ

कॉम्प्युटरच्या आवाजातलं ते जपानी गाणं एकट्यानं म्हणणं कुणाच्या बापाला जमायचं नाही, कारण कॉम्प्युटरला श्वास घ्यावा लागत नाही. म्हणून दोघी बहिणी ते वाटून गायच्या. धाकटीला दमा, तिचा श्वास संपेल तिथे, अगदी शब्दाच्या मध्येसुद्धा, ताईनं वहीत लाल रेघ मारली होती; तिथून पुढचं ताई उचलायची. महिनाभर सराव बंद होता. घसा बसलाय, ताई म्हणायची. आज कॅरिओकेला ताईच्या सासरची मंडळी जमली. “सगळे नाचतील असं निवड गं,” ताई म्हणाली. धाकटीनं हक्कानं तेच लावलं आणि माइकसाठी हात पुढे केला. ताईनं माइक नणंदेला दिला. “आज हिला गाऊ दे हं.” होऊ दे फजिती, धाकटी मनात म्हणाली. नणंद पट्टीची पोहणारी, मिनिटभर पाण्याखाली राहणारी. दम भरपूर शिल्लक असूनही ती अर्ध्या शब्दावर थांबली आणि ताईनं सराईतपणे, खणखणीत आवाजात पुढचं उचललं. नेमकं धाकटीच्या लाल रेघेवर.