नातेवाइकांची खोली

इस्पितळाच्या तळमजल्यावर दर बुधवारी कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांची बैठक भरायची. नवऱ्याचा रिपोर्ट पर्सच्या तळाशी दडवून, घरी काहीतरी थाप मारून ती यायची. आजचा तिसरा बुधवार.

"सोमवारी त्यांची केमो सुरू होणार," समुपदेशक बाई म्हणाल्या. "आता तरी त्यांना सांगा."

"कोणत्या तोंडानं सांगू, बाई? साधी गाठ आहे म्हणून समजावलंय. नुसती कणकण आली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तो! जागच्या जागी खचेल."

शेजारच्या आजोबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "त्याच्याआधी तूच खचशील, पोरी."

तिने ग्लास घेतला आणि न पिताच खुर्चीखाली ठेवला.

तेवढ्यात पाठीमागचं दार करकरलं.

"येऊ का आत?"

वीस वर्षांच्या संसारात हा आवाज इतका बारीक झालेला तिने कधी ऐकला नव्हता. अंग चोरून ती खुर्चीत तशीच बसून राहिली.

"या ना. कुणाचे नातेवाईक आपण?" बाईंनी विचारलं.

"बायकोचा," दारातला माणूस म्हणाला. "शिवणाच्या क्लासला जाते म्हणून निघते आणि इथे शिरते. दोनदा मागोमाग आलो, पण धीर होईना, पायरीवरूनच परत फिरलो. मी हाय खाईन म्हणून ती माझ्याशी बोलत नाही, बाई. तिला कोणता कॅन्सर झालाय, तेवढं मला सांगा."