चौकोनांमागचा चेहरा

"मुंग्या," प्रसन्नन म्हणाला. "अम्मच्ची, तुमच्या कॉम्प्युटरात मुंग्यांनी घर केलंय."

"मग हाकल त्यांना," शोशम्मा म्हणाली. "भाडं तरी कुठं देतात?"

ती खुर्ची ओढून त्याच्या खांद्याशीच बसली होती. नाक्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. तीन निरोप धाडल्यावर आज तो आला होता. पत्र्याचा डबा उघडून त्याने फुंकणीयंत्र लावलं. धुळीचा लोट उठला आणि भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीपर्यंत गेला.

हे मशीन शाजनने मागच्या सुट्टीत घेतलं होतं. आईला ते शिकवून तो परत शारजाला गेला. तिकडे शुक्रवारी सुट्टी. दुपारी जेवणाच्या वेळेला तो पडद्यावर यायचा. सुरुवातीचे महिने बरे गेले. पुढे चित्र अडखळायला लागलं. चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा, एक डोळा वर, हनुवटी भलतीकडे. आवाजही तुकड्यातुकड्यांनी यायचा, आणि मध्येच मशीन बंद पडायचं.

काही विचारलं की तो म्हणायचा, "इकडे लाइन खराब आहे, अम्मच्ची."

शेजारच्या तंकम्माचा मुलगाही असंच म्हणायचा. त्याची मूत्रपिंडं गेली होती, पण ते त्याने अखेरपर्यंत सांगितलं नाही. विमानतळावर तो पेटीतून उतरला.

"एकदा त्याचा चेहरा स्वच्छ दिसू दे," शोशम्मा म्हणाली. "गाल बसलेत का, डोळे पिवळे झालेत का, एवढं बघू दे. मग खुशाल बिघडो तुझं मशीन."

"माझं कुठलं, तुमचंच आहे."

स्वयंपाकघराच्या दारात बिन्सी येऊन उभी राहिली. शाजनची बायको. नारळ खवता खवता उठली होती, हात पांढरे होते.

"अम्मच्ची, प्रसन्ननदादांना कशाला अडकवून ठेवता? जुनं झालंय ते. नाताळला येतीलच की ते, तेव्हा बघा पोटभर."

"नाताळपर्यंत माझे डोळे राहिले तर."

बिन्सीने हात पुसले. पण आत गेली नाही.

प्रसन्ननने मेमरीची पट्टी उपसून काढली आणि तिचे काळवंडलेले दात खोडरबराने घासले. पट्टी परत बसवली, मशीन चालू केलं, आणि पडदा बघून हसायला लागला.

"व्हायरस मारणारे दोन-दोन प्रोग्राम घातलेत! दोघं एकमेकांवरच गुरगुरतायत. एका चुलीपाशी दोन सासवा. मशीन बिचारं हलणार कसं?"

"एक पुरते," शोशम्मा म्हणाली. "विचार हिला."

बिन्सीला हसू आलं नाही.

एक सासू काढून टाकली. मशीन जरा सुधारलं, पण चाचणीचं चित्र लावलं की पुन्हा थिजायचं. शोशम्मा घड्याळाकडे बघायची, मग पडद्याकडे, मग प्रसन्ननच्या तोंडाकडे. जपमाळेचा एकच मणी तिने बोटांत घट्ट धरून ठेवला होता. शुक्रवारची दुपार जवळ येत होती.

"पोरा, होईल ना रे?"

"होईल. मशीनचं दुखणं संपलं. आता बाहेर बघतो."

व्हरांड्यात वळचणीखाली टेलिफोनच्या तारेला जोड होता. वरची चिकटपट्टी सोडवली तर आत तार हिरवी पडलेली.

"ते राहू द्या हो," बिन्सी मागून म्हणाली. "टेलिफोनवाले ओरडतील."

"माझ्या नावावर ओरडू देत." त्याने सडका तुकडा कापला आणि नवा जोड पिळून घट्ट केला.

तो आत येऊन बसतोय तोच कॉम्प्युटर वाजायला लागला. शोशम्माने स्वतः बटण दाबलं.

शाजन दिसला. अख्खा, एकसंध. गाल भरलेले, डोळे पांढरेस्वच्छ, मिशी नीट कातरलेली. शोशम्माने बोट पुढे करून पडद्यावरच्या गालावर ठेवलं.

"अम्मच्ची? काय झालं?"

"काही नाही. जाड झालायस, मेल्या! हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसतोय."

शाजन झटकन मागे सरकला. "नीट दिसतंय? इकडची लाइन तर..."

"लाइनला काही धाड भरलेली नाही. नीट बस समोर. मला बघू दे."

तेवढ्यात रस्त्यावरून कर्णा लावलेली पंचायतीची जीप आली. उद्या टाकीची दुरुस्ती आहे, नळाला पाणी येणार नाही, सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावं. सांगणाऱ्याला सर्दी झाली होती, नाकातून बोलत होता. जीप फाटकासमोरून गेली, नदीकडच्या उताराला वळली आणि आवाज विरला.

"बिन्सी, ऐकलंस ना? हंडे भर," शोशम्मा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "हं, बोल मोने, बोल लेका. उन्हाळा कसा आहे तिकडे?"

"विचारू नका. बाहेर पाऊल टाकवत नाही. जिकडे बघावं तिकडे वाळू. पाण्यासारखं पाणीसुद्धा तापून..."

त्याच्या पाठीमागून कुणीतरी बोलत होतं. आधी पुसट, मग जवळ, मग अगदी खणखणीत. उद्या टाकीची दुरुस्ती आहे, नळाला पाणी येणार नाही, सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावं. नाकातून.

शाजनचे ओठ अर्ध्यावरच थांबले. प्रसन्ननने हातातला स्क्रू सावकाश खाली ठेवला. बिन्सी पुढे झाली आणि तिने आवाजाच्या बटणाकडे हात नेला. शोशम्माने तिकडे न बघताच तो हात मनगटाशी धरला आणि धरूनच ठेवला.

पडद्यामागची जीपही लांब गेली.

"मोने," शोशम्मा म्हणाली, "पाणी भरून घे आणि जेवायला ये. कालवण गरम आहे."