करवंदाचं सरबत आणि दोन बाटल्या

बाटलीचं बूच फट्कन उडालं आणि त्र्यंबकराव दचकून ओट्यापासून मागे सरले. फेस त्यांच्या मनगटावरून ओघळला. सहासष्ट वर्षांच्या या निवृत्त शिक्षकाने आयुष्यात पहिल्यांदाच दारूची बाटली उघडली होती.

"ग्लास तिरका धरा," इंदिराबाई म्हणाल्या. "श्रीयशनं तसं कळवलंय."

श्रीयश म्हणजे त्यांच्या मुलीचा, सईचा, कॉलेजातला मित्र. आज एकतीस डिसेंबर. संध्याकाळी तो आणि आणखी चौघं लोणावळ्याला येणार होते. इंदिराबाईंनीच फोन करून त्यांना बोलावलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला सई गेली. भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एक डोह आहे, तिथे ती या मित्रमंडळींबरोबर गेली होती. ओल्या कातळावरून तिचा पाय घसरला.

तेव्हापासून घरातलं बोलणं आटलं. इंदिराबाई चहा द्यायच्या, गोळ्यांची आठवण करायच्या, पण नवऱ्याच्या नजरेला नजर द्यायच्या नाहीत. का, ते त्र्यंबकरावांना ठाऊक होतं. बादली भरताना पाण्याचा आवाज झाला की ते उठून नळ बंद करायचे. कधी भर दुपारी त्यांना "बाबा" अशी हाक ऐकू यायची. ते ओ द्यायचे. इंदिराबाई आतल्या खोलीत ते ऐकायच्या.

हे पेय सईचंच, कृती श्रीयशनं कळवलेली. दुकानातली सगळ्यांत स्वस्त फसफसती वाइन, तिच्यात करवंदाचं सरबत, चमचाभर आल्याचा रस, वर लिंबाची चकती. महागड्या बाटलीच्या तोंडात मारेल, असं ती मित्रांना म्हणायची. पाहुणे पाच, म्हणून दोन बाटल्या पुरणार होत्या.

त्र्यंबकरावांनी सरबतावर वाइन ओतली. गडद लाल रंगातून बुडबुडे उठले. तळातून वर, एकामागून एक. वर येऊन फुटत राहिले. त्यांनी तोंड फिरवलं.

"मला नाही बघवत हे."

इंदिराबाईंनी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि पुढचा ग्लास भरायला लागल्या.

"इंदिरा, त्या दिवशी सकाळी सई माझ्याकडे आली होती." त्र्यंबकराव म्हणाले. "म्हणाली, 'बाबा, पार्टी घरीच करू का? गच्चीत बसू.' मी म्हटलं, या घरात बाटली येणार नाही. म्हणून ती पोरं डोहावर गेली. मी हो म्हटलं असतं तर..." त्यांनी मनगटावरचा फेस पुसला. मग ते म्हणाले, "तुला हे माहीत आहे. म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस. मला कळतं. माझं काही म्हणणं नाही."

बाहेर गाडी थांबली. कुणीतरी "काकू" म्हणून हाक मारली. इंदिराबाई हलल्या नाहीत. त्यांनी बाटली खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"आधी ती माझ्याकडे आली होती," त्या म्हणाल्या. "मलाही ते घरात नकोच होतं. पण तिच्याशी वाईटपणा कशाला घ्या? म्हटलं, बाबांना विचार. तुम्ही नाही म्हणणार, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच पाठवलं."