नव्या मशीनचं उद्घाटन

घोटीचे देवराम सकाळी आठलाच नाशिकच्या दवाखान्यात डायलिसिसला आले. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, त्यामुळे रक्त गाळायचं आणि अंगात साठलेलं पाणी काढायचं काम मशीनच करायचं. पण त्या दिवशी नव्या मशीनचं उद्घाटन होतं, म्हणून जुन्या मशीनही हार घालून बंद ठेवल्या होत्या.

"सिस्टर, यांचे पाय बघा किती सुजले. दमबी लागतोय," त्यांची बायको भिमाबाई म्हणाली.

"आजी, साहेबांनी फीत कापली की लगेच लावते. आधीच पेशंट लावले तर फोटो चांगला येत नाही."

साहेब दुपारी एकला आले आणि थेट बाथरूमकडे धावले. बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्यानंच. फोटोसाठी त्यांनी देवरामांचा हात हातात घेतला.

"काय सांगू बाबा! द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दीड तास लघवी दाबून बसलो होतो. जीव नुसता कासावीस झाला."



दोन वर्षांत लघवीचा एक थेंबही न झालेले देवराम धापा टाकत म्हणाले, "लय हाल झाले साहेब तुमचे."